खोकल्याची चौकशी

गाइडचा फोन येणार हे माहीत होतं म्हणून मी वही-पेन घेऊनच बसले होते. जंगलात पायी फिरून प्राण्यांचा माग काढायचा असा कार्यक्रम, त्यामुळे मला वाटलं तो विचारेल रोज किती चालता, गुडघे काय म्हणतायत, चढ जमतो का, कॅमेरा कुठला आणताय. उत्तरं तयार होती. नाव-वय झाल्यावर त्याने विचारलं, "ताई, तुम्हाला खोकला आहे का?" मी म्हटलं, आत्ता तर नाहीये. "आत्ताचं नाही हो. पहाटेच्या गार हवेत येतो का? धुळीने येतो का? आणि आला तर दाबता येतो का?" मला आधी हसू आलं, मग जरा रागही आला, कारण त्यानंतर बुटांबद्दल दोन-चार वाक्यं बोलून, सामानाची यादी पाठवतो म्हणून त्याने फोन ठेवला. गुडघ्यांची चौकशी राहिलीच.

त्या दिवसापासून मला स्वतःचा घसा ऐकू यायला लागला. मी फोन उचलायच्या आधी खाकरते. कुणाच्या खोलीत शिरताना खाकरते. काही शोधत असले की बारीकसा 'हं... हं' असा आवाज काढते, आणि हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलेलंच नव्हतं, नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, काढतेस की, मला वाटलं तुला माहितीये. बसताना 'आई गं', उठताना 'चला', चालताना चपलेची फटक-फटक, पर्समध्ये किल्ल्यांचा जुडगा, दर तासाला मनगटावर बीप करणारं घड्याळ. मी दिवसभर चालता-बोलता दवंडी पिटत असते की मी इथे आहे, मी आता तिथे आहे, मी आता परत इथे आले. माणसांच्या जगात ते कुणाच्या लक्षातही येत नाही. उलट आवाज न करता मागे येऊन उभं राहिलेल्या माणसाला आपण दचकून शिव्या देतो.

युगांडा आणि रुआंडाच्या डोंगरातल्या गोरिलांचा माग काढत जे लोक जातात त्यांना सर्दी-खोकला असेल तर पुढे सोडतच नाहीत, हे मी नंतर वाचलं. तिथे कारण वेगळं आहे, गोरिला आपल्या इतके जवळचे की आपली साधी सर्दी त्यांना महागात पडू शकते. म्हणून एका ग्रुपमध्ये आठच माणसं, पंधरा वर्षांखालच्या मुलांना बंदी, गोरिला सापडले की त्यांच्यासोबत एकच तास, आणि अंतर आधी ७ मीटर ठेवायचे ते कोविडनंतर १० मीटर केलं. माग काढणारी ट्रॅकर मंडळी पहाटेच पुढे निघतात, काल संध्याकाळी कळप जिथे सोडला तिथून सुरुवात करून गोरिलांनी रात्री झोपायला केलेले पाल्याचे बिछाने शोधतात आणि तिथून पुढचा माग घेतात. आम्ही जिथे चाललोय तिथे आजाराचा प्रश्न नाही, फक्त आवाजाचा आहे. पण खोकला हा माझा घरगुती मामला नाही एवढं दोन्हीकडे सारखंच.

जीपमधून जंगल बघितलंय, बऱ्याचदा बघितलंय. तिथे असली काही चौकशी होत नाही. जिथे रोज गाड्या फिरतात तिथल्या प्राण्यांना गाडी हा एक मोठा, वास मारणारा, पण निरुपद्रवी प्रकार म्हणून सवयीचा झालेला असतो, आणि आत बसलेली आपण माणसं त्या गाडीचाच भाग असतो. गाडीत चिप्सचं पाकीट फोडणारे लोक मी पाहिलेत आणि समोर वाघ शांतपणे चालत गेलेला पण पाहिलाय. त्याच गाडीतून एक माणूस खाली उतरू दे, सगळं बदलतं. दोन पायांवर उभी असलेली ती आकृती ओळखायला कुठल्याच प्राण्याला वेळ लागत नाही, आणि ओळखल्यावर ते बहुतेक वेळा एकच करतात, निघून जातात. म्हणजे पायी माग काढायला निघालेल्या माणसाची मुख्य अडचण तो स्वतःच असतो. हे वाक्य ऐकायला छान वाटतं, पण सॅक भरायला बसल्यावर त्याचा अर्थ कळायला लागला.

यादी आली. टोपी, टॉर्च, पाणी, ओआरएस, जळवांसाठीचे मोजे, लांब बाह्यांचा शर्ट, सगळं नेहमीचं. खाली एक ओळ होती, 'सगळं भरून झाल्यावर सॅक पाठीला लावून उड्या मारा आणि ऐका.' मग मारल्या. हॉलमध्ये. काय काय वाजलं म्हणून सांगू. सगळ्यात आधी पाण्याची अर्धी भरलेली बाटली, डचमळ डचमळ, तिचा उपाय म्हणजे एकतर पूर्ण भरलेली नाहीतर पूर्ण रिकामी किंवा ती नळीवाली रबरी पिशवी ज्यातली हवा काढून टाकता येते. मग झिपच्या धातूच्या पट्ट्या, त्या काढून तिथे दोरीचे तुकडे बांधले. मग रेनकोट, जो मी मोठ्या हौसेने घेतला होता आणि जो हात हलवला की खसखस खसखस करतो, त्याच्यापेक्षा जुना मऊ शर्ट बरा, पण सुती कपडा भिजला की अंगावर थंड पडून राहतो, म्हणून पाऊस-थंडीच्या जागी तोही चालत नाही, तर मग रेनकोट आत, पाऊस आला तरच बाहेर. खिशाचं वेल्क्रो तर कहर आहे. शांत खोलीत वेल्क्रो उघडून बघा एकदा, च्यररर्र, अख्ख्या घरात जातो तो आवाज. आणि खोकला आलाच तर असाव्यात म्हणून घेतलेल्या खोकल्याच्या गोळ्या, त्यांचं चकचकीत रॅपर खोकल्यापेक्षा जास्त वाजतं! सगळ्या गोळ्या सोलून एका कापडी पिशवीत भरल्या, आता त्या एकमेकींना चिकटतायत, चिकटू दे.

खालच्या मजल्यावरून विचारणा झाली की वर काय चाललंय.

वासाचं काम त्यामानाने सोपं निघालं, कारण ते बहुतेक करायचंच नसतं. अत्तर नाही, सुगंधी साबण नाही, कपड्यांना ते फुलांच्या वासाचं कंडिशनर नाही. डास पळवायच्या क्रीमबद्दल मात्र पंचाईत आहे, लावलं तर वास आणि नाही लावलं तर फोडून काढतील, वर त्यातलं डीट नावाचं रसायन प्लॅस्टिकला खातं, घड्याळाची काच आणि दुर्बिणीची रबरी पकड चिकट करून टाकतं. गाइड म्हणाला लावा, मलेरियापेक्षा वास बरा, फक्त हात पुसून मग दुर्बिणीला हात लावा. तसंही हत्ती किंवा अस्वल यांच्या नाकापुढे आपण कितीही बिनवासाचे झालो तरी फसवू शकत नाही, तिथे एकच गोष्ट कामाची, वारा. वारा आपल्याकडून त्यांच्याकडे जात असेल तर संपलं. बरेच ट्रॅकर त्यासाठी कापडाच्या छोट्या थैलीत बारीक चाळलेली राख ठेवतात, थैली झटकली की राखेचा ढग कुठे सरकतो ते बघायचं. गेंड्याला दिसतं कमी, पण वास आणि कान असे तयार की दिसण्याची गरज त्याला पडत नसावी.

रंगांची गंमत आहे. हरणांना लाल-नारिंगी आणि हिरवा यांच्यातला फरक नीट कळत नाही, वाघ त्याच्या भडक कातड्यासकट गवतात लपू शकतो तो त्यामुळेच. मग मी माझा विटकरी शर्ट का नाही घालायचा? तर वर झाडावर माकडं असतात, पक्षी असतात, त्यांना रंग व्यवस्थित दिसतात, आणि जंगलातली निम्मी बोंबाबोंब तेच करतात. पांढरा तर अजिबात नको. आफ्रिकेत जिथे चावणारी त्सेत्से माशी आहे तिथे गडद निळा आणि काळा घालू नका म्हणतात, त्या रंगांवर ती माशी इतकी येते की तिला पकडायचे सापळेच निळ्या-काळ्या कापडाचे करतात. कपाट उघडून बघितलं तर माझ्याकडे मातकट रंगाचं जवळजवळ काहीच निघालं नाही, आपण दिसावं म्हणूनच कपडे घेतलेले असतात सगळे.

पण खरी तयारी झाली ती एका वाळूच्या ढिगावर. घरामागे बांधकाम चालू आहे, वाळू येऊन पडलीय, आणि सकाळी फिरायला जाताना माझ्या लक्षात आलं की रात्रभर तिथे बरीच वर्दळ असते. मग रोज तिथे थांबायला लागले. कुत्रा आणि मांजर, म्हटलं तर किती साधे प्राणी, पण ठसे शेजारी-शेजारी बघायला मिळाले की शिकवणीच लागते. कुत्र्याच्या चार बोटांपुढे नखांचे टोचे असतात, मांजर नखं आत ओढून चालते त्यामुळे बोटं गोल, स्वच्छ. वाघ-बिबट्याचंही तेच, अपवाद चित्त्याचा, त्याची नखं पूर्ण आत जात नाहीत. पंजाची गादी बघितली तर मांजरीच्या गादीला मागच्या बाजूने तीन उभार दिसतात. आणि तिची बोटं सारखी नसतात, एक बोट बाकीच्यांपेक्षा जरा पुढे असतं, आपल्या मधल्या बोटासारखं, त्यावरून ते पाऊल डावं की उजवं ते सांगता येतं. हे पुस्तकी वाक्य म्हणून आधी वाचलं होतं. पण त्या दिवशी उकिडवं बसून आधी डावं, मग उजवं, मग परत डावं असं बोटाने दाखवत गेले आणि मांजर अक्षरशः माझ्यासमोर चालायला लागली. मध्येच तिचे ठसे कमी झाले. चाराच्या जागी दोनच. मांजर काही मध्येच दोन पायांवर चालायला लागली नसणार, तर मागचा पाय तिने बरोबर पुढच्या पायाच्या ठशात टाकला होता, म्हणजे तिथे ती दबकत, सावकाश चालली होती. पुढे ढिगाच्या कडेला चिमणीच्या पंखाने वाळू झाडल्यासारखी झाली होती. पुढचं काही कळलं नाही. पीस वगैरे नव्हतं, उडाली असावी.

ते बघायची वेळ पण महत्त्वाची. सकाळी ऊन तिरपं असतं तेव्हा ठशाच्या कडेला सावली धरते आणि तो उठून दिसतो, दुपारी डोक्यावर ऊन आलं की तीच वाळू सपाट, कोरी. ठसा आपण आणि सूर्य यांच्या मधे येईल असं उभं राहायचं, म्हणजे उन्हाकडे तोंड करून. मी हे समजेपर्यंत कायम ऊन पाठीवर घेऊन उभी राहायचे, फोटो काढायची सवय ना. आणि वय. ताजा ठसा की शिळा, हे खरं तर या सगळ्या विद्येचं मर्म आहे, कारण प्राणी कोणता होता हे कळून उपयोग काय जर तो काल दुपारीच गेलेला असेल. त्यासाठी ट्रॅकर शेजारीच आपलं बोट दाबतात आणि दोन्ही खुणांची तुलना करतात, कड किती धारदार आहे, तळाला किती ओल आहे. मी बोट दाबून ठेवलं आणि दर थोड्या वेळाने खिडकीतून नाहीतर खाली जाऊन बघत राहिले. दुपारपर्यंत कडा ढासळल्या. संध्याकाळी त्यात एक वाळकं पान येऊन बसलं आणि मुंग्यांनी आरपार रस्ता केला. दुसऱ्या दिवशी दंवाचे बारीक खड्डे ठशाच्या वर पडलेले होते, म्हणजे ठसा दंव पडायच्या आधीचा. एवढीशी गोष्ट, पण ती कळल्याचा आनंद मला ऑफिसात दिवसभर पुरला.

आणि मग तिथेच माझे स्वतःचे ठसे दिसले. माझ्याच बुटांचे, कालचे. डाव्या टाचेची बाहेरची कड झिजलेली आहे हे त्या वाळूत जितकं स्वच्छ दिसलं तितकं मी बूट हातात घेऊनही कधी पाहिलं नव्हतं. उजवं पाऊल जरा बाहेर फेकलेलं. जिथे थांबले तिथे किती वेळ थांबले ते, कुठल्या बाजूला वळून बघितलं ते, सगळं. मला जरा कसंतरीच झालं. आपण वाचायला आलोय या तोऱ्यात मी होते, आणि त्या ढिगावर सगळ्यात मोठ्या अक्षरात मीच लिहिलेली होते.

ठसा खोटं बोलत नाही असं आपण म्हणतो. तो बोलत नसेल, पण वाचणारा चुकतोच. आपल्याकडे सरोज राज चौधरी या ओडिशाच्या वन अधिकाऱ्यांनी १९६६ मध्ये पंजाच्या ठशांवरून वाघ मोजायची पद्धत बसवली, ठशावर काच धरायची आणि वरून रेघ मारून घ्यायची, किंवा प्लॅस्टरचा साचा काढायचा, आणि मग गादीच्या आकारावरून, बोटांच्या अंतरावरून हा वाघ तो नव्हे असं ठरवायचं. १९७२ मध्ये देशभर मोजणी झाली तेव्हा आकडा आला १,८२७. पुढे कितीतरी वर्षं वाघांची संख्या अशीच मोजली गेली. विचार केला तर किती देखणी पद्धत आहे, गावातला, जंगलातला माणूस, ज्याला जमीन वाचता येते, तोच मोजणीदार. पण एकाच वाघाचा ठसा चिखलात वेगळा, धुळीत वेगळा, चढावर वेगळा, घाईत वेगळा. आणि कागदावर वाघ चालत राहिले तरी जंगलात चालत असतीलच असं नाही, हे राजस्थानातल्या सरिस्कात कळलं, २००५ मध्ये तिथे एकही वाघ उरलेला नाही हे उघड झालं. त्यानंतर २००६ पासून कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारी पेटी, आणि अंगावरच्या पट्ट्यांवरून ओळख आली. पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यात वाद नाही. मला हे पटतं, डोक्याने पूर्ण पटतं. तरी जमिनीकडे बघून 'मादी आहे, सोबत मोठं पिल्लू आहे, पाण्याकडे गेलीय' म्हणणाऱ्या माणसाचं म्हणणं एका पेटीतल्या मेमरी कार्डपुढे हलकं पडलं याचं कुठेतरी वाईटही वाटतं. म्हणून सायबरट्रॅकरबद्दल वाचलं तेव्हा बरं वाटलं, दक्षिण आफ्रिकेत १९९० च्या दशकात तयार झालेलं हे सॉफ्टवेअर, छोट्या यंत्राच्या पडद्यावर प्राण्यांची आणि खुणांची चित्रं, लिहिता-वाचता न येणाऱ्या ट्रॅकरने नुसतं चित्रावर बोट ठेवायचं आणि जागा-वेळ आपोआप नोंदली जाते. म्हणजे त्याचं ज्ञान त्याच्याच नजरेने गोळा होतं.

अर्थात ही विद्या आली कुठून तर शिकारीतून, हे विसरून चालत नाही. ताजा माग, वारा, दबक्या पावलांनी जवळ जाणं, हे सगळं ज्या शेवटासाठी शोधलं गेलं तो शेवट काढून टाकून आपण बाकीचं ठेवून घेतलंय. शेवटी बंदुकीच्या जागी कॅमेरा. मला या अदलाबदलीबद्दल लोक जितके निर्धास्त असतात तितकं राहता येत नाही. मागावर असलेल्या प्राण्याला शेवट काय ठरलाय हे माहीत नसतं, त्याला एवढंच कळतं की कुणीतरी सकाळपासून मागे लागलंय. म्हणून मी गाइडला परत फोन करून विचारलं, की आपण एकाच प्राण्यामागे किती वेळ जातो? तो म्हणाला, त्याने एकदा वळून बघितलं तर थांबतो, दोनदा बघितलं तर मागे फिरतो. हा नियम सगळीकडे असतो की त्याचा स्वतःचा आहे ते विचारायचं राहिलं. मला आवडला.

जाण्याआधी भरायच्या फॉर्मबद्दल सांगते. 'मी स्वखुशीने' अशी सुरुवात, मग इजा, अपंगत्व, जीवितहानी असे शब्द चढत्या क्रमाने, खाली सही. सही करताना पेन थांबलं हे खरं आहे. आईने विचारलं कशावर सही करतेयस, मी म्हटलं विम्याचं आहे काहीतरी. भीती वाटते का, तर हो, वाटते, आणि ती फार ठोस नाही, म्हणजे वाघ येऊन खाईल अशी नाही, तर त्या क्षणी माझं शरीर माझं ऐकणार नाही अशी आहे. कारण सूचना सगळ्या शरीराच्या विरुद्ध आहेत. एका रांगेत चालायचं, गाइडच्या पुढे कधीही जायचं नाही. मूठ वर म्हणजे आहे तिथे गोठायचं, उचललेलं पाऊल हवेत असेल तरी. तळवा खाली म्हणजे बसायचं. हाक मारायची नाही, चुटकी वाजवायची. आणि सगळ्यात मोठ्या अक्षरात, काहीही झालं तरी पळायचं नाही, मांजर कुळातल्या प्राण्याला तर पाठ दाखवायचीच नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानासारख्या ठिकाणी पायी जाणाऱ्या ग्रुपमध्ये जास्तीत जास्त आठ माणसं आणि सोबत दोन बंदूकधारी गाइड असतात, पण तिथलेही लोक हेच सांगतात की बंदूक ही सगळं चुकल्यानंतरची गोष्ट आहे. मी घरात गोठायचा सराव करतेय. नवरा अचानक मूठ वर करतो. काल दूध उतू गेलं.

व्यायामाचं फार लांबण लावत नाही. रोज चाला, रस्त्यावर चालून उपयोग नाही, खडबडीत जागी चाला, ज्या बुटांनी जाणार त्याच बुटांनी आणि त्याच मोज्यांनी चाला, पायाची नखं निघायच्या दोन-तीन दिवस आधी कापा, उतारावर वाढलेलं नख काय करतं ते ज्याचं काळं पडलंय त्याला विचारा. एक मात्र नवीन शिकले, सावकाश चालणं हे भराभर चालण्यापेक्षा जास्त दमवतं. पाऊल टेकवताना आधी बाहेरची कड, मग सगळं पाऊल, आणि वजन टाकायच्या आधी खाली काडी नाही ना याचा अंदाज. असं पाच मिनिटं चालले तर मांड्या थरथरायला लागल्या. मांजर हे दिवसभर करते.

बूट धुणं हे काम मला आधी फालतू वाटलं होतं. जंगलातच जायचंय, मातीतच जायचंय, तर धुवायचे कशाला? तर तळव्याच्या खाचांत, मोज्यांत, आणि परत त्याच त्या वेल्क्रोत बिया अडकलेल्या असतात, एका जागच्या तणाचं बी दुसऱ्या जागी नेऊन टाकायला माणसासारखा वाहक नाही. न्यूझीलंडमध्ये कौरी नावाची प्रचंड झाडं मुळांच्या रोगाने मरतायत आणि तो रोग मातीतून पसरतो, त्यामुळे तिथल्या पायवाटांच्या तोंडाशी बूट घासायची सोय केलेली आहे. अंटार्क्टिकात तर जहाजावरून उतरताना आणि चढताना, दोन्ही वेळा बूट धुवावे लागतात. मी जुना टूथब्रश घेऊन बसले आणि डाव्या बुटातून तीन प्रकारची कुसळं निघाली. कुठल्या ट्रेकची होती देव जाणे.

तसाच एक धुवायचा प्रकार फोनमध्ये. फोटोसोबत जागा नोंदवणारी सेटिंग बंद करून या, असं यादीत होतं. गेंड्यांच्या शिकारीला तोंड देणाऱ्या बऱ्याच ठिकाणी पर्यटकांना मुद्दाम सांगतात की फोटो टाका पण जागा टाकू नका, कारण तुमचा फोटो बघणारे सगळेच तुमच्यासारखे हौशी नसतात. म्हणजे माग काढणारे अजून आहेत, आणि आपण त्यांच्या कामाचे होऊ शकतो. मी सेटिंग बंद केली आणि सहज मागचे फोटो चाळले, प्रत्येकाखाली ठिकाण, वेळ, मिनिटासकट. तो वाळूचा ढीगच आठवला परत.

कॅमेऱ्यावरून घरात मतभेद आहेत. नवऱ्याचं म्हणणं एवढा खर्च करून जातेयस तर मोठी लेन्स ने. माझं म्हणणं ती लेन्स गळ्यात असली की मी जमिनीकडे बघणार नाही, मला माझा स्वभाव माहितीये. ८ बाय ४२ ची दुर्बीण नेतेय, तिला ना बीप आहे ना शटर. ठशांचे फोटो फोनवर निघतील, शेजारी मापाला काडेपेटी ठेवली की झालं. वाघ दिसावा असं वाटतं का? वाटतं. खूप वाटतं. जे लोक म्हणतात आम्हाला सायटिंगचं काही नाही, आम्ही फक्त जंगल अनुभवायला जातो, त्यांच्या चेहऱ्याकडे कॉल, म्हणजे वाघ जवळ असल्याचा इतर प्राण्यांचा इशारा, ऐकू आल्यावर एकदा बघा. सांबर ओरडलं की सगळ्यांच्या माना एकाच दिशेला जातात. मी त्यातून सुटलेली नाहीये आणि सुटायचंही नाहीये, फक्त त्या मोठ्या लेन्सने ती हाव अजून वजनदार होते एवढंच.

परवा सगळ्या ग्रुपचा व्हिडिओ कॉल झाला. वारा, हातांच्या खुणा, साप, गोचिडी, सगळं सांगून झालं. एकाने विचारलं, माग एकदम ताजा मिळाला पण वारा उलटा असला तर? गाइड म्हणाला, मग त्या दिवशी तो माग त्याचा, आपण दुसरीकडे. यावर कुणी काही बोललं नाही, एक-दोघांचे चेहरे मात्र पडले. मग 'अजून काही शंका?' असं त्याने विचारलं आणि सगळे गप्प, प्रत्येकाच्या मनात जी शंका होती ती कुणीच विचारेना. शेवटी आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ काकूंनी माइक चालू केला आणि स्पष्ट विचारलं, "दादा, मध्येच जायला लागलं तर काय करायचं?" सगळ्यांना केवढं हायसं वाटलं. तो म्हणाला, "काकू, चुटकी वाजवायची. मी जागा बघून देणार, तिथेच जायचं, आडोसा बघत लांब जायचं नाही. ओढ्यापासून दूर, वीतभर खड्डा खणायचा, बुजवायचा, आणि कागद झिपच्या पिशवीत घालून परत आणायचा." काकूंनी विचारलं, "परत म्हणजे कुठे परत?" "सॅकमध्ये, काकू." थोडा वेळ विचार करून काकू म्हणाल्या, "मग ती झिपची पिशवी जरा मोठी सांगा, यादीत छोटी लिहिलीय."